वाटाड्याने ‘आज नको’ म्हटले, तरी त्याची मजुरी पूर्ण द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून लागला की पुरवण्यांमधून मुंबईजवळच्या धबधब्यांच्या याद्या येऊ लागतात. यंदा आपल्याही पुरवणीत आली. रेल्वे स्थानक, तिथून रिक्षाचे अंतर, एक देखणा फोटो. त्यापाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश छापून येतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. यादी वाचून निघालेला माणूस आदेश वाचत नाही, आणि आदेश काढणाऱ्याला यादी थांबवता येत नाही. या दोहोंच्या मध्ये जो माणूस राहून जातो, त्याच्याबद्दल हे पत्र आहे: धबधब्याखालच्या वाडीत राहणारा आदिवासी वाटाड्या.

कर्जत-खालापूरच्या डोंगरात हे लोक ठाकर आणि कातकरी आहेत, मुरबाड-शहापुरात व अकोले तालुक्यात महादेव कोळी आणि ठाकर, जव्हार-मोखाड्यात वारली आणि कोकणा. मुंबईहून जाणारे गट त्यांना ‘रस्ता दाखवणारा पोऱ्या’ समजतात. वाट दाखवणे हे त्याच्या कामातले सगळ्यात सोपे काम आहे. आज जायचे की नाही, कुठवर जायचे आणि कधी फिरायचे हे ठरवणे हे खरे काम, आणि नेमका तोच अधिकार त्याला कोणी देत नाही.

तरी वाटेपासूनच सुरुवात करू. जंगलातली वाट कशासाठी पडली आहे हे कळल्याशिवाय ती कुठे जाते ते कळत नाही. ढोरवाट रुंद आणि मळलेली असते, म्हणून नवखा तीच धरतो. ती गवताच्या माळावर जाऊन विरते. लाकूडफाट्याची वाट कारवीत घुसून संपते. मुठे, म्हणजे ओढ्यातले खेकडे, धरायला जाणाऱ्यांची वाट ओढ्यात उतरते आणि तिथेच थांबते. धबधब्याकडची वाट या तिघींना छेदत जाते, आणि जुलैत चारही सारख्याच दिसतात, कारण गवत कंबरेपर्यंत आलेले असते, कारवी डोक्यावर गेलेली असते आणि प्रत्येक वाटेचा छोटा ओहोळ झालेला असतो.

यावर मोबाईलमधली रेघ हा उपाय नाही. अशा बहुतेक रेघा कोणीतरी हिवाळ्यात कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चालत नोंदवलेल्या असतात. डिसेंबरात जी वाट, तो जुलैत प्रवाहाचा तळ. दुसरे असे की उंच कड्याखाली आणि दाट झाडीत उपग्रहाचे संकेत कड्यावर आपटून येतात, त्यामुळे मोबाईल आपली जागा वीस-तीस मीटर इकडेतिकडे दाखवू शकतो. सपाटीवर याने काही बिघडत नाही. डोंगराच्या अरुंद पदरावर वीस मीटर बाजूला म्हणजे कड्याची धार असते. दरड कोसळून वाट बदलली असेल तर तेही रेघेला माहीत नसते, वाडीतल्या गुराख्याला त्याच दिवशी माहीत असते.

आता पाण्याचे. सह्याद्री बेसॉल्टच्या थरांचा आहे, वर मातीचा थर पातळ. जुलैच्या सुरुवातीलाच ही माती पाणी पिऊन तृप्त होते, आणि नंतर पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात येतो. घाटमाथ्यावर ढग बसलेला असतो तेव्हा खाली कोकणात ऊन असू शकते. म्हणून ‘इथे तर पाऊसच नाही’ हे वाक्य धबधब्याखाली उभे राहून कधीही बोलू नये. हवामान विभागाचा इशाराही जिल्ह्यापुरता असतो. रायगडसाठी दिलेल्या एकाच इशाऱ्यात अलिबागचा किनारा आणि माथेरानचा डोंगर दोन्ही येतात, आणि दोन्हीकडच्या पावसात फार फरक असतो. विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अतिवृष्टी’. निघायच्या दिवशीच्या अंदाजाइतकाच आदल्या दोन दिवसांत प्रत्यक्ष किती पडला हा आकडा महत्त्वाचा आहे, आणि तो कोणी पाहत नाही. दर तीन तासांचा तातडीचा इशाराही निघतो. तो शेवटच्या रेंजच्या जागी, म्हणजे बहुधा वाडीतच, एकदा पाहून घ्यावा.

वाटाड्या हेच सगळे एका दगडावरून वाचतो. बहुतेक वाड्यांशेजारच्या वहाळात एखादा खुणेचा दगड असतो. तो बुडाला असेल तर वरचा ओढा ओलांडता येणार नाही हे त्याला अंगणातूनच कळते. वर गेल्यावर तो पाण्याचा रंग बघत असतो. स्वच्छ पाणी चहासारखे गढूळ होऊ लागले, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, ओल्या मातीचा वास आला, पाण्याचा आवाज जड झाला, की निघायचे. पाणी वाढत असताना अचानक कमी झाले तर ते अधिक वाईट. वर कुठेतरी दरड किंवा झाड आडवे पडून पाणी अडलेले असते, आणि ते फुटले की एकदम येते. या खुणा आणि लोंढा यांच्यात कधी पाच-दहा मिनिटेच असतात. तेवढ्यात तीस जणांना पाण्यातून बाहेर काढून, बूट घालायला लावून, चढावर न्यायचे असते. गटातले आठ जण त्या वेळी ‘अजून एक फोटो’ म्हणत असतील तर ते होत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसांभोवती पाणी कसे वाढत गेले ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ती जागा दुर्गमही नव्हती.

थांबण्याच्या जागी पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक काठी रोवावी किंवा दगडावर खूण करावी आणि दर दहा मिनिटांनी ती बघावी. पाणी चार बोटे चढले की गट उठवायचा, चर्चा नाही. हे काम वाटाड्याखेरीज गटातल्या एकाला नेमून द्यावे आणि त्याने पाण्यात उतरू नये.

ओढा ओलांडणे हा सर्वाधिक अपघातांचा भाग आहे, म्हणून त्यावर सविस्तर. रायगडातल्या भिऱ्याहून देवकुंड धबधब्याला जाणारी वाट घ्या. एका बाजूने सुमारे सहा किलोमीटर, चढ फारसा नाही, म्हणून ती सोपी समजली जाते. पण वाटेत ओढे ओलांडावे लागतात, आणि सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी मांडीपर्यंत येते. माणसे पलीकडे अडकतात ती अशी. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर ओलांडायचे नाही हा नियम धडधाकट माणसासाठीही आहे. ओलांडण्याची जागा अरुंद दिसते म्हणून निवडू नये. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते. पात्र पसरट असते तिथे ते उथळ असते. खालच्या बाजूला कडा, कोंड (खोल डोह) किंवा आडवी झाडे असतील तर पाणी कितीही कमी असो, ती जागा बाद. वाटाड्या काठीने तळ चाचपत आधी एकटा जातो. इतरांनी प्रवाहाकडे तोंड करून, काठी वरच्या बाजूला टेकवून, एका वेळी एकच आधार हलवत तिरपे खाली सरकावे. पाठपिशवीचा कंबरपट्टा आधीच सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास पिशवी टाकता येते. बूट काढू नयेत. अनवाणी पाय शेवाळलेल्या दगडावरून घसरतो आणि दोन दगडांच्या बेचक्यात अडकतो.

दोर असेल तर तो प्रवाहाला काटकोनात न बांधता पलीकडचे टोक खालच्या बाजूला ठेवून तिरपा बांधावा, छातीच्या उंचीवर, आणि माणसाने दोराच्या खालच्या बाजूने तो हाताने धरून जावे. दोर कंबरेला गाठ मारून बांधणे घातक आहे. बांधलेला माणूस पडला की दोर ताणतो, पाणी त्याला दाबून खाली धरते आणि वर येऊ देत नाही. नवख्यांनी हातात हात घालून केलेली लांब साखळीही तितकीच वाईट, एक घसरला की शेजारच्या दोघांना घेऊन जातो.

अडकलात तर थांबा. असे ओढे लवकर चढतात तसेच लवकर उतरतात, वरचा पाऊस थांबल्यावर दोन-चार तासांत पुष्कळ फरक पडतो. प्रत्येकाकडे विजेरी, कोरडा सदरा आणि दोन वेळचे कोरडे खाणे असावे ते यासाठीच. संध्याकाळची लोकल चुकेल या घाईने उतरलेली माणसे वाहून जातात. कर्जत किंवा कसाऱ्याहून लोकल पुन्हा मिळते.

डोहाबद्दल थोडक्यात, कारण नियम एकच आहे: धार पडते त्या जागेपासून लांब. धारेखालच्या पाण्यात हवा मिसळून ते फेसाळ होते, आणि अशा पाण्यात माणूस नीट तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही बुडतो. तळाशी गेलेले पाणी उलट फिरून पुन्हा धारेखालीच येते आणि माणसालाही तिथेच आणते. शिवाय धारेबरोबर दगड पडतात, ते वरून येताना दिसत नाहीत. वाडीतली माणसे अनेक कोंडांना देवाची जागा मानतात आणि मधोमध उतरत नाहीत. तो मान पाळावा. खाली त्याच ओढ्याचे पाणी वाडी पिते, तेव्हा साबण, शाम्पू आणि उष्टे तिथे टाकू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते.

उतारही पाण्याइतकाच पाहावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती ठाकरांचीच वाडी. तिथे यंत्रे चढवता आली नाहीत, मदत करणारे पायी गेले आणि हातांनी माती उपसत राहिले. वाटेच्या वरच्या अंगाला नवी भेग, कललेली झाडे किंवा एरवी स्वच्छ असलेल्या झऱ्याला गढूळ पाणी दिसले, तर त्या उताराखाली जेवायला बसू नये.

आता पैशाचे, कारण सगळे इथेच अडते. बहुतेक ठिकाणी वाटाड्याला पैसे ‘धबधबा दाखवल्यावर’ मिळतात. त्याने वाडीतच ‘आज नको’ म्हटले तर दिवस बुडाला. अर्ध्या वाटेतून परत आणले तर गटाचा म्होरक्या निम्मे देतो, वर तोंड वाकडे करतो. म्हणजे खरे बोलण्याचा दंड त्यालाच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतला कोणी ‘चला, नेतो’ म्हणतो आणि गट त्याच्यामागे जातो. हे बदलायचे असेल तर मजुरी आधी ठरवावी, निघण्यापूर्वी हातात द्यावी, आणि वाडीतून एक पाऊलही न हलता परतावे लागले तरी ती पूर्ण द्यावी. बाकी सगळी काळजी यानंतरची. आमच्या मते दहा जणांमागे एक वाटाड्या आणि त्याला दिवसाचे किमान पंधराशे रुपये, हा हिशोब मुंबईकराला जड नाही. वीस जण असतील तर दोघे: एक पुढे, एक सर्वांत मागे. मागचा अधिक अनुभवी असावा, कारण चुकतो आणि घसरतो तो शेवटचा. मुंबईहून सहल नेणारे माणशी हजार-बाराशे रुपये घेतात. पैसे भरण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारा, की वाटाडे किती आणि त्यांना काय देणार. उत्तर टाळले तर त्या सहलीला जाऊ नका.

जेवणाचेही तसेच. वाडीत तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, एखादी रानभाजी मिळते, पण पावसात सरपण ओले असते आणि तीस माणसांच्या साठ-सत्तर भाकऱ्या घटकाभरात होत नाहीत. आकडा आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवावा आणि नंतर माणसे गळाली तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यावेत.

हंगामाचा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो. जुलैत धबधबा फोटोत सर्वांत मोठा दिसतो, आणि नेमकी तेव्हाच भाताच्या रोपांची आवणी चालू असते. ठाणे-पालघरकडे आवणी म्हणतात, रायगडात लावणी. राबातली रोपे वेळेत उपटून लावली नाहीत तर वर्षाचे भात जाते, म्हणून घरातली कर्ती माणसे चिखलात असतात आणि वाटेला येतो तो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला वाट माहीत असते, पण वीस मोठ्या माणसांना ‘मागे फिरा’ म्हणायचे धाडस नसते. गणपती विसर्जनापासून दिवाळीच्या अलीकडपर्यंत मात्र चित्र वेगळे असते. पाणी पुरेसे असते, ओढे उतरलेले असतात, खडक दिवसभरात वाळतात. आवणी संपलेली आणि कापणी यायची, म्हणून अनुभवी माणूस मोकळा असतो. नोव्हेंबर-डिसेंबरानंतर कातकऱ्यांची कितीतरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी ही एक. तिच्यासाठी वाडीत बसून रोख मिळकत होण्याचे हे थोडेच आठवडे असतात. धबधब्याला जाण्याचा सुरक्षित काळ आणि वाडीला पैशाची गरज असण्याचा काळ असा जुळून येतो, आणि आपल्या याद्या मात्र सगळ्या जूनमध्ये निघतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरचे धोके वेगळे आहेत. दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो, म्हणून दोनच्या आत परतीला लागावे आणि विजा असताना माळावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. कड्यांवर आग्या मोहोळे बसू लागतात. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन यांनी ती उठतात. उन्हाला फुरसे दगडांवर येते, आणि ओढ्याकाठच्या झुडपात हिरवा चापडा साप फांदीसारखाच दिसतो, तेव्हा आधारासाठी हात टाकताना आधी बघावे. साप चावल्यास पट्टी आवळू नये, चिरू नये, चोखू नये. माणसाला चालवू नये, चावलेला भाग न हलता राहील असा बांधून उचलून न्यावे आणि १०८ ला कळवावे. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते, चापड्यावर तिचा खात्रीचा उपयोग नाही. तरीही रुग्णालय टाळायचे नाही.

काही वाटा पावसात कोणीच नेऊ नयेत. अकोले तालुक्यातल्या साम्रदची सांदण दरी पावसात वाट राहत नाही, तीच ओढा होते. साम्रदचे लोक म्हणूनच त्या दिवसांत आत नेत नाहीत. खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या शिडी घाटात शिड्यांवरूनच पाणी कोसळते, तेव्हा वाटाडे गणेश घाटाने नेतात. तो लांब पडतो म्हणून त्यांच्याशी हुज्जत घालू नये. भीमाशंकर आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही अभयारण्ये आहेत, तिथे वनखात्याचे नियम आणि प्रवेशाची पावती पाळावीच लागते.

अपघात झालाच तर वाटाड्याला सगळ्यांत आधी मदतीसाठी पळवू नये. तो गेला की उरलेल्यांना परतीची वाट दाखवणारे कोणी राहत नाही. दोन वाटाडे असावेत त्याचे हेही एक कारण. एकाने वाडीत जाऊन पोलीस पाटलाला उठवावे आणि रेंज मिळताच ११२ वर जागा, जखमींची संख्या, दुखापत आणि वेळ कळवावी. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या बचाव समन्वय केंद्राचा क्रमांक घरून निघतानाच लिहून घ्यावा. चिखलाच्या उतारावर एक झोळी न्यायला आलटूनपालटून आठ तरी माणसे लागतात, आणि ती बहुतेक वेळा वाडीचीच असतात. आवणी सोडून आलेली असतात. त्यांचाही दिवस भरून द्यायला हवा, आणि हे आजवर फार थोड्यांना सुचले आहे.

प्रशासनाकडे मागणी अशी. सरसकट मनाईने माणसे यायची थांबत नाहीत. पोलीस मुख्य रस्त्यावर उभे असतात, माणसे पहाटे मागच्या वाटेने जातात, आणि पकडले जाऊ म्हणून वाडीत शिरतच नाहीत. म्हणजे मनाईच्या दिवसांत ती वाटाड्याशिवाय जातात. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, पण त्याचा रोख सहली नेणाऱ्या संस्थांवर आहे. ग्रामपंचायत आणि वनव्यवस्थापन समितीने वाडीतल्या प्रौढ वाटाड्यांची यादी करावी, त्यांना प्रथमोपचार आणि दोराचे शिक्षण मिळावे, अपघात विमा आणि शिट्टी मिळावी. मनाई धबधब्यागणिक आणि दिवसागणिक असावी. ‘आज बंद’ असा फलक वाडीच्या तोंडाशी लावण्याचा अधिकार त्याच वाटाड्यांना असावा, आणि बंदच्या दिवशीही पाळीवर असलेल्या दोघांना पर्यटन निधीतून मजुरी मिळावी.

आणि आपल्याला विनंती. पुढच्या वर्षी यादी छापाल तेव्हा ती सप्टेंबरात छापा. प्रत्येक धबधब्यापुढे खालच्या वाडीचे नाव, ओलांडाव्या लागणाऱ्या ओढ्यांची संख्या आणि वाटाड्याची ठरलेली मजुरी द्या. धारेखाली उभ्या असलेल्या माणसांचा फोटो छापू नका. वाटाड्याचा फोटो घेतलात तर त्याला विचारून घ्या, आणि त्याच्याशी बोलताना वयाप्रमाणे दादा, मामा किंवा बाबा म्हणा.

आपले,
डोंगरात जाणारे काही वाचक
मुलुंड, मुंबई